शिवड्याची वाट

आषाढात गोदावरीला पहिलं गढूळ पाणी उतरलं की गंगाखेड, पालम, सोनपेठकडच्या मासळी बाजारात शिवडा येतो. एरवी कटला, रोहू आणि चिलापीवर भागवणारं गिऱ्हाईक त्या दिवसांत आवर्जून विचारतं, “शिवडा हाय का?” बंगालात हाच मासा बोआल, तेलंगणात वालुगा. पाकिस्तानपासून आग्नेय आशियापर्यंतच्या नद्यांत त्याचा वावर आहे. तरीही जीवजातींची नोंद ठेवणाऱ्या आययूसीएनच्या लाल यादीत त्याची प्रकृती बिघडलेली दिसते. पूर्वी तो ‘संकटाच्या जवळ’ या वर्गात होता, आता ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. एवढ्या मोठ्या मुलखात पसरलेला मासा असुरक्षित कसा होतो, हे मला निदान एका जिल्ह्यापुरतं डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून पाऊस लागल्यावर परभणी गाठली.

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या गाडीला सकाळची गर्दी होती. सिंगणापूर, पोखर्णी नृसिंह, धोंडी. दोन्ही बाजूंना काळं रान, त्यात नुकतीच वर आलेली कपाशी आणि सोयाबीन, बांधांवर बाभळी. मग रूळ पुलावर चढतात आणि खाली गोदावरी येते. डब्यातल्या बायकांनी हात जोडले. इथे तिला गोदावरी फारसं कुणी म्हणत नाही, ती गंगाच. पलीकडच्या तीरावर गंगाखेड, संत जनाबाईंचं गाव. पुलावरून पात्र एका नजरेत मावतं. रुंदी भरपूर, पाणी एका अंगाला, आणि जिथे वाळूचे पांढरे पट्टे असायला हवेत तिथे काळा गाळ, उघडे पडलेले दगडगोटे आणि वेडी बाभूळ.

घाटाच्या खालच्या अंगाला एक वयस्क भोई कंडाळ जाळं पसरून बसले होते. तुटलेली घरं नायलॉनच्या दोऱ्यानं सांधत होते. शेजारी ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून केलेला तराफा. मी जवळ जाऊन बसलो, पान-तंबाखूची देवघेव झाली, आणि मग शिवड्याचं नाव काढलं.

“मामा, लागतो का आता शिवडा?”

“लागतो की. पर पहिल्यावाणी न्हाई. मह्या बापाला घावायचा तो खांद्यावर टाकला की शेपूट गुडघ्याला लागायचं. आता हातभर आला तरी दिवस चांगला म्हणायचा.”

“कामून कमी झाला?”

त्यांनी सुई थांबवली नाही. “त्याला चढाया वाट लागते. पहिल्या पान्याला तो वर जातो, वढ्यात शिरतो, तिथं अंडी टाकतो. आता वाट कुठं हाय? जागोजाग दारं. आन् वढ्यात शिरला तर तिथं मानूस बसलेला.”

या माशाच्या संकटाबद्दल पुढच्या प्रवासात जे जे कळलं, त्याचा गाभा मामांच्या या चार वाक्यांत होता. दख्खनच्या माशांचं पहिलं मोठं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३०च्या दशकात केलं. त्यांनी अनेक माशांना दिलेली लॅटिन नावं इथल्या कोळ्या-भोयांच्या तोंडची आहेत. तेव्हाही नदीची माहिती काठावरच्या माणसांकडेच होती. आजही नदीविषयी काही ठरवायचं झालं तर पहिली विचारणा तिथे व्हायला हवी, आणि ती होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाजारात त्या दिवशी एकच मोठा शिवडा आला होता. विकणाऱ्या मावशींनी तो ओल्या गोणपाटावर आडवा घातला होता आणि दर थोड्या वेळानं त्यावर पाणी शिंपडत होत्या. मी उकिडवा बसून तो नीट पाहिला. डोकं चपटं. तोंडाची फट डोळ्याच्याही मागे गेलेली, त्यामुळे बंद जबडासुद्धा उघडा वाटतो. मावशींनी काडीनं जबडा वर उचलला. आत बारीक दातांचे दाट पट्टे, सगळे घशाकडे वळलेले. सावजाला आत जायला हरकत नाही, बाहेर यायला मात्र जागा नाही. वरच्या जबड्यापासून दोन लांब मिशा निघतात, त्या पोटाच्याही मागे पोचतात. हनुवटीला आणखी दोन, आखूड. पाठीवर नावापुरता एक छोटा पर, त्याला काटा नाही. पोटाखाली मात्र साडीच्या काठासारखा एकच लांब पर थेट शेपटीपर्यंत गेलेला. अंगावर खवला एकही नाही. कातडी रुपेरी-राखाडी, बोट लावलं तर बुळबुळीत.

शिकारी माशाचं हे अंग आहे. दिवसा तो डोहाच्या तळाशी, काठाच्या कपारीत, बुडालेल्या झाडाच्या मुळाशी पडून राहतो. अंधार पडला की बाहेर येतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग बेताचाच, मिशा काम करतात. समोर आलेला मासा, झिंगा, बेडूक, जबड्यात मावेल ते तो घेतो. याच हावरेपणामुळे त्याला गोड्या पाण्यातला शार्क म्हणतात. मला ते नाव आवडत नाही, कारण त्यात नुसती भीती आहे. नदीत सगळ्यांत वरच्या पायरीवर खाणारा कुणीतरी लागतो. तो आजारी मासे उचलतो, फार वाढलेल्यांना आवर घालतो. जंगलात वाघाचं काम काय असतं हे आता शाळेतली मुलंही सांगतात. गोदावरीत ते काम शिवडा, मरळ आणि शिंगाळा करत आले आहेत.

गिऱ्हाईक ठरलं. मावशींनी विळीवर मासा घेतला आणि पोट चिरलं. दोन्ही बाजूंनी गाभोळीच्या पिवळट, गच्च भरलेल्या पिशव्या बाहेर आल्या. पोटाची सगळी पोकळी त्यांनी व्यापली होती. शिवड्याची मोठी मादी एका हंगामात लाखाच्या वर अंडी देऊ शकते.

“या दिवसांत समदे असेच असतेत?” मी विचारलं.

“आखाडात गाभोळीचाच येतो. लोकं बी तोच मागतेत,” मावशी म्हणाल्या. गाभोळी वेगळी बांधून गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेली. काटे कमी, मांस मऊ, चव उत्तम, आणि वर ही गाभोळी. भाव चांगला मिळतो. मावशींच्या घरात त्या पैशानं शाळेच्या वह्या येणार होत्या, हेही त्यांनी सांगितलं. त्यांना दोष देण्याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. पण ती पिवळी पिशवी डोळ्यांसमोरून हलेना.

शिवडा वर्षातून एकदाच वितो, आणि तोही पावसाळ्यात. उन्हाळाभर डोहात दबून बसलेला मासा पहिल्या पुराचा लोंढा आला की हलतो. पाण्याची वाढती पातळी, गढूळपणा, उतरलेलं तापमान, या साऱ्यांची ती हाक असते. हा मासा समुद्रातून चढून येणाऱ्यांपैकी नाही. त्याचा प्रवास जवळचा आहे. मुख्य नदीतून उपनदीत, उपनदीतून ओढ्यात, ओढ्यातून पाणी पसरलेल्या गवताळ रानात. तिथल्या उथळ, कोमट, संथ पाण्यात मादी अंडी सोडते. साधारण एका दिवसात ती फुटतात. पिल्लांना लपायला गवत मिळतं, खायला बारीक जीव मिळतात, आणि पूर ओसरता ओसरता ती नदीत उतरतात. सारा खेळ थोड्या आठवड्यांचा आणि थोड्या मैलांचा. त्या आठवड्यांत ते मैल मोकळे असले तर पुढची पिढी तयार, नाही तर ते वर्ष गेलं.

मामांनी म्हटलेली दारं पाहायला मी नदीकाठानं निघालो. परभणी जिल्ह्यात गोदावरीवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस असे उच्च पातळी बंधारे आहेत. पात्रातच काँक्रीटचा उंबरठा, त्यावर खांब आणि खांबांच्या मधे ओळीनं लोखंडी दारं. पावसाळ्याच्या शेवटी दारं खाली सोडायची आणि नदीचं पाणी नदीतच साठवायचं. वर पैठणला जायकवाडी आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली ते धरण पुरं झालं. तेव्हापासून इथल्या गोदावरीला पाणी किती आणि कधी, हे बरंचसं पैठणहून ठरतं. त्यात वरून नाशिक-नगरच्या धरणांचा हिशेब. परभणीच्या वाट्याला येणारा पूर हा आता निसर्गाइतकाच विसर्गाच्या आदेशावर येतो.

बंधाऱ्यावर मी उभा होतो तेव्हा मधली काही दारं वर होती, बाकीची खाली. उघड्या दारांतून चहाच्या रंगाचं पाणी जोरात घुसत होतं आणि खालच्या काँक्रीटवर आपटून फेसाळत होतं. बंद दारांच्या पायथ्याशी, जिथे पाणी संथ होतं, तिथे पोरं फेकजाळी घेऊन उभी होती. त्यांना नेमकी जागा ठाऊक असते. वर चढायला निघालेला मासा दाराशी अडतो, घोटाळतो, वाट शोधतो. तिथे जाळं पडलं की रिकामं येत नाही. एका पोरानं ओढून काढलेल्या जाळ्यात लहान-मोठे मासे तडफडत होते. त्यांत बोटाएवढ्या मिशांचा एक छोटा शिवडाही होता. मी त्याला तो सोडायला सांगितला. तो हसला, माझ्याकडे पाहिलं, आणि खरंच सोडला.

काठावरच्या एका शेतकऱ्यानं दुसरी बाजू सांगितली. “बंधारा झाला म्हणून ऊस दिसतो हितं. न्हाई तर मार्चमधी गंगंत झिरे खांदून पानी प्यायलो आम्ही.” हे खरं आहे. २०१६च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातली धरणं तळाला गेली होती. ज्या माणसानं तो उन्हाळा काढलाय, त्याला दारं उघडी ठेवा म्हणून सांगायला धीर लागतो. शिवाय माशाच्या बाजूनंही बंधाऱ्याचं एक काम मान्य केलं पाहिजे. पूर्वी उन्हाळ्यात शिवडा नैसर्गिक डोहांत तग धरायचा. वाळूनं धरून ठेवलेलं पाणी पाझरत पाझरत त्या डोहांना मे महिन्यापर्यंत पुरायचं. वाळू उपसली गेली, पाझर आटला, डोह मार्चमध्येच दिसेनासे झाले. आज बंधाऱ्यामागचं साठलेलं पाणी हाच बऱ्याच ठिकाणी शिवड्याचा उन्हाळी आसरा आहे. बंधाऱ्यानं त्याला डोह दिला आणि वाट काढून घेतली.

म्हणून बंधारे पाडा, असं मी म्हणत नाही. प्रश्न दारं कधी उचलायची आणि कधी सोडायची, एवढाच आहे. मराठवाड्याचा पाऊस भरवशाचा नाही. जूनमध्ये पाणी आलं आणि पुढे ओढ दिली तर काय, या धास्तीनं आलेलं पहिलं पाणी अडवून ठेवावं असं कुणालाही वाटेल. शिवड्याला नेमकं तेच पहिलं पाणी वाहतं हवं असतं.

दारं ठरलेल्या तारखेला वर उचलून ठेवणं अशक्य नाही, याचा दाखला याच नदीवर, शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आहे. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचं आंध्र प्रदेश यांच्यात मोठा तंटा झाला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. त्यानुसार बाभळीची १४ दारं दर वर्षी १ जुलैला उचलली जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत वरच राहतात. हा निकाल खालच्या श्रीरामसागर धरणाच्या पाण्यासाठी होता. माशांचा त्यात विचार नव्हता. पण तारखा पाहा. शिवड्याच्या विणीचा जवळजवळ सगळा हंगाम त्या चार महिन्यांत बसतो. दोन राज्यांच्या भांडणातून निदान त्या एका बंधाऱ्यापुरती माशाला वाट मोकळी झाली. परभणीतल्या बंधाऱ्यांना चार महिने कुणी मागत नाही. पहिल्या मोठ्या पुराचे दोन-तीन आठवडे सगळी दारं पूर्ण वर राहिली तरी पुष्कळ.

मोठ्या नदीपेक्षा मला जास्त काळजी वाटली ती ओढ्यांची. गंगाखेडजवळ मासोळी नदी आहे, इसादला तिच्यावर मध्यम प्रकल्प आहे. आजूबाजूला गोदावरीला मिळणारे कितीतरी लहान ओढे आहेत, ज्यांना गावाबाहेर नावही नसतं. शिवड्याची खरी बाळंतखोली तिथे. पालमच्या वाटेवर एका ओढ्यात उतरलो. खोलीकरण झालेलं होतं. जेसीबीनं दोन्ही काठ उभे कापलेले, तळ सपाट, माती वर ढीग घालून ठेवलेली, थोड्या अंतरावर सिमेंटचा बांध. जलयुक्त शिवार अभियान २०१४च्या अखेरीस सुरू झालं, त्यानंतर मराठवाड्यात अशी कामं गावोगाव झाली. विहिरींना त्यानं पाणी आलं, हे लोक सांगतात आणि ते मोलाचं आहे. पण उभ्या काठाच्या ओढ्यातून पाणी बाहेर पसरत नाही. गवतात शिरणारी ती वीतभर खोलीची पाण्याची चादर, जिच्यात अंडी फुटतात आणि पिल्लं लपतात, तीच नाहीशी होते. ओढ्याच्या एका काठाला थोडा उतार ठेवला, एखादा तुकडा गवताळ राखला, सिमेंट बांधाच्या कडेला दगडांचा तिरपा उतार दिला, तर पाणीही मुरेल आणि मासाही चढेल. आराखड्यात ही एक ओळ घालायला वेगळा निधी लागत नाही.

त्या ओढ्याच्या तोंडाशी कुणीतरी मच्छरदाणीचं कापड आडवं बांधून ठेवलं होतं. त्यातून काडीएवढं पिल्लूसुद्धा निसटत नाही.

पुढे जिंतूर तालुक्यात येलदरीला गेलो. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पुरं झालं. एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर, पायथ्याला साडेबावीस मेगावॅटचं वीजघर, खाली हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर धरण. डोंगरांच्या कुशीतलं ते पाणी पाहिलं की जीव निवतो. पाऊस नुकताच पडून गेला होता, पलीकडचा काठ धुक्यात गेला होता. पूर्णा पुढे परभणी जिल्ह्यातच गोदावरीला मिळते, म्हणजे एके काळी गोदावरीतला मासा पूर्णेनं वर चढत या डोंगरांपर्यंत येऊ शकत होता. आता मधे दोन भिंती आहेत आणि भिंतींत माशासाठी पायरी नाही.

येलदरीच्या काठावर होड्या होत्या, वजनकाटा होता, बर्फाच्या पेट्या होत्या. उतरलेला माल बहुतेक कटला, रोहू, मृगळ. हे मासे मूळचे गंगेच्या, म्हणजे उत्तरेच्या खऱ्या गंगेच्या खोऱ्यातले. त्यांचं बीज आणून जलाशयात सोडतात, वाढवतात, काढतात. हे शक्य झालं ते हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांच्यामुळे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात त्यांनी संप्रेरकाची सुई टोचून या माशांना तलावात विण्यास लावलं. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्या एका प्रयोगावर देशभरातली लाखो माणसं आज जेवतात, त्याचं मोल कमी नाही. पण त्यामुळे ‘मासे कमी झाले? बीज सोडा’ अशी सवयही लागली. शिवड्याच्या बाबतीत हा उपाय अडखळतो. सुई टोचून त्याला विण्यास लावता येतं. पण अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं काही दिवसांतच एकमेकांना खाऊ लागतात. हौदात हजारो असली तरी शेवटी मोजकीच उरतात. नदीत पिल्लं पसरतात, गवतात विखुरतात, म्हणून वाचतात. हौदात पळायला जागा नसते. त्यामुळे बीज केंद्रावर भिस्त ठेवून हा मासा वाचणार नाही. त्याला नदीतच वाढू दिलं पाहिजे.

येलदरीच्या ढिगात चिलापीही भरपूर होती. ही आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आणली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, कसल्याही पाण्यात तगते, तिला पुराची वाट पाहावी लागत नाही. दारं बंद असोत वा उघडी, तिचं काही अडत नाही. शिवड्याची जागा तिनं हिसकावली असं सरळ म्हणता येणार नाही. आपण नदी संथ केली, उथळ केली, मळवली, आणि अशा नदीत राहू शकेल असा मासा तिथे वाढला. चिलापीची पिल्लं खाणारा मोठा शिकारी मात्र त्याच वेळी आपण बाजारात नेत राहिलो. यात आणखी एक परदेशी भर म्हणजे आफ्रिकन मांगूर. केंद्र सरकारनं २००० साली त्याच्यावर बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो आणि पुरात तळ्यांतून नदीत येतो. तोही मोठा खादाड.

जगाचा आकडा याहून वेगळं सांगत नाही. नद्यांतून ये-जा करणाऱ्या माशांच्या संख्येचा मागोवा घेणाऱ्या २०२४च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार १९७० ते २०२० या काळात त्यांत सरासरी ८१ टक्के घट झाली. कारणं तीच. अडवलेल्या नद्या, उपसलेली पात्रं, घाण पाणी, बेसुमार मासेमारी.

मासेमारीच्या बेसुमारपणाबद्दल काठावरची माणसं स्वतःच चिडून बोलतात. पूर्णेच्या काठी भेटलेल्या एका तरुण भोयानं सांगितलं, “आमी जाळं टाकतो, ते बाहीरचे येतेत आन् बॅटरीचा शॉक देतेत. मोठा मासा वर येतो, बारका तळालाच मरतो. आमच्या हाती काय ऱ्हातं?” विजेचा झटका, सुरुंगाची दारू, ब्लीचिंग पावडर, हे प्रकार उन्हाळ्यात उरलेल्या डोहांवर होतात. पाणी कमी असतं आणि सगळा मासा एका जागी कोंडलेला असतो, म्हणून. एक डोह असा संपला तर मैलोगणती पट्ट्यातला विणीचा मासा एका दुपारी जातो. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. सव्वाशे वर्षं झाली. कायद्याची उणीव नाही, डोहावर नजर ठेवणाऱ्याची आहे. ती नजर ठेवू शकेल असा माणूस एकच, तिथला भोई. त्याच्या सोसायटीला तो डोह राखण्याचा अधिकार आणि त्याबद्दल काही मोबदला द्या, दुसरं कुणी यापेक्षा चांगलं राखणार नाही.

राखलेल्या डोहाची रीत आपल्याकडे जुनी आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्रीच्या खोऱ्यात वाळणकोंड आहे. तिथे देवीच्या नावानं डोहातला मासा कुणी धरत नाही. मोठमोठे महसीर तिथे माणसाच्या हातून खायला वर येतात. श्रद्धेनं सांभाळलेलं ते अभयारण्यच आहे. परभणीची गंगा तर पावलोपावली तीर्थांनी भरलेली. गंगाखेडच्या घाटासमोरचा पट्टा, पूर्णा-गोदावरीच्या संगमाचा डोह, धनगर टाकळीचा काठ. यांतला एखादा तुकडा गावानं बारमाही राखीव म्हणून सोडला, तिथला वाळूउपसा पूर्ण थांबवला, तर दोन-चार वर्षांत फरक दिसेल याची मला खात्री आहे. शिवडा लवकर वाढणारा मासा आहे. त्याला फक्त एकदा विण्याइतकं जगू दिलं पाहिजे.

किनाऱ्यावर हा विचार रुजलेला आहे. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक होड्या उतरत नाहीत, हे मुंबईच्या गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. शेजारच्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नद्या-तलावांतली मासेमारी बंद असते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रानं पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, त्याची घटती संख्या हे त्यामागचं एक कारण होतं. समुद्राच्या माशाला जी माया मिळाली ती नदीच्या माशालाही मिळावी. पाटबंधारे खात्यानं पहिल्या पुराला दारं पूर्ण वर ठेवावीत. मत्स्यव्यवसाय खात्यानं आषाढ-श्रावणात ओढ्यांच्या तोंडाशी आणि बंधाऱ्यांच्या पायथ्याशी जाळी लावायला मनाई करावी, आणि त्या दिवसांची भोई कुटुंबांची मजुरी भरून द्यावी. समुद्रावरच्या बंदीत पोटाचा प्रश्न असतो तसा तो इथेही आहे, तो टाळून केलेली कुठलीही बंदी टिकणार नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याही खात्याशिवाय होऊ शकते. मावशी म्हणाल्या होत्या, लोक गाभोळीचाच मागतात. मागणारे आपण आहोत. परभणी, नांदेड, हिंगोलीच्या बाजारात आषाढ-श्रावणात गाभोळीनं पोट फुगलेला शिवडा दिसला तर तो घेऊ नका, आणि हातभराहून लहान शिवडा कोणत्याच महिन्यात घेऊ नका. खायचाच असेल तर दिवाळीनंतर घ्या.